राधानगरीची रात्रराखण

हिवाळा सरला, की राधानगरीच्या लक्ष्मी तलावाचे पाणी हळूहळू मागे हटू लागते. उघड्या पडलेल्या काठावर ओलाव्याने कोवळे गवत उगवते आणि उन्हे कलली, की रानातून गव्यांचा कळप त्या हिरवळीवर उतरतो. काळेभोर, तुकतुकीत अंग, पाठीवरचा उंचवटा, आणि पांढरे मोजे घातल्यासारखे पाय! मुंबई-पुण्याहून आलेल्या पाहुण्याला हे दृश्य जन्मभर पुरते. पण काठाच्या वर ज्याचा एकरभर ऊस उभा आहे, त्याला याच दृश्यात उद्याचे नुकसान दिसत असते. तो घरी जातो, चार घास खातो, बॅटरी आणि घोंगडे घेऊन शेतावर राखणीला निघतो.

गव्याला आपल्याकडे सरसकट 'गवारेडा' म्हणतात. प्रत्यक्षात रेड्याशी त्याचे नाते दूरचे. तो गाई-बैलांच्या कुळातला. अमेरिकेतल्या बायसनहून तो वेगळा असला, तरी पाट्यांवर 'बायसन' हेच नाव चिकटले आहे. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सहा फुटांच्या आसपास भरतो आणि त्याचे वजन टनाच्या घरात जाते. माद्या आणि वासरे कळपाने राहतात. म्हातारे नर पुष्कळदा एकटेच हिंडतात. स्वभावाने हा प्राणी भित्रा. माणसाची चाहूल लागताच रानात शिरणारा. पण एवढे धूड रात्रीत शेतातून नुसते चालत गेले, तरी खाल्ल्यापेक्षा तुडवल्याचेच नुकसान अधिक होते.

एकाच पाण्याची दोन देणी

गवा आणि ऊस समोरासमोर आले, त्याला इतिहास आहे. दाजीपूरचे रान हे कोल्हापूरच्या छत्रपतींचे शिकारीचे राखीव जंगल. राखीव होते म्हणूनच ते टिकले. १९५८ साली तेथे गव्यांसाठी अभयारण्य झाले. महाराष्ट्रातले ते पहिले. १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर त्याला जागतिक वारशाचा मान मिळाला.

याच रानाच्या कुशीत, भोगावती नदीवर, राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात धरणाचे काम हाती घेतले. आपोआप उघडणाऱ्या सात दरवाजांचे हे धरण पाहायला आजही लोक लांबून येतात. या पाण्याने भोगावतीचे खोरे बागायती झाले. पूर्वी डोंगरउतारावर नाचणी, वरी आणि खाचरात भात. दिवाळीच्या आगेमागे पीक घरात आले, की शिवार मोकळे आणि राखणही संपली. ऊस मात्र वर्ष-दीड वर्ष शेतातच उभा. वैशाखात डोंगरावरचे गवत वाळून कोळ झालेले असताना खाली हिरवा, गोड, पाणीदार चारा आणि लपायला दाट आडोसा! गवा शेतात का येतो, या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे. आपण त्याच्या दारात बारमाही पंगत मांडली आहे.

हुसकून तो जातो कुठे?

पंगतीला आलेल्याला उठवायचे उपाय शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या केले. माळा, शेकोटी, पत्र्याचे डबे, गोफण, फटाके. सगळे चार-आठ दिवस चालतात. मग गव्याला कळते, की हा नुसता आवाज आहे.

हा अनुभव आपलाच नाही. अमेरिकेत तळ्याकाठच्या हिरवळींवर कॅनडा हंसांचे थवे उतरतात आणि सारी हिरवळ घाण करतात. तेथेही लोक कुत्री सोडतात, आवाज करतात. हंस उडतात आणि शेजाऱ्याच्या हिरवळीवर बसतात. पाण्यालगतचे आखूड कापलेले गवत त्यांना आवडते, कारण चारा मिळतो आणि शत्रू दुरून दिसतो. म्हणून काठाशी उंच गवत, झुडपे वाढू देणे आणि पाव टाकणे बंद करणे, हे उपाय तेथे अधिक टिकाऊ ठरले. प्राणी हाकलण्याऐवजी त्याला बोलावणारी जागा बदलायची, एवढाच त्याचा अर्थ.

गवा काही हंस नव्हे आणि शेत काही हिरवळ नव्हे. तरी धडा लागू पडतो. एकाने कुंपण घातले, की कळप बांधापलीकडच्या शेतात शिरतो. म्हणून कुंपण घालायचे, तर रानाच्या बाजूने सलग, गावाने मिळून. सौर कुंपणात प्रवाह सलग नसतो. क्षणभराचा झटका ठरावीक अंतराने येतो. प्राणी दचकतो, मरत नाही. पण तारेला गवत टेकले, की झटक्याचा जोर जमिनीत उतरतो. म्हणजे तारेखालचे गवत कापणे आणि बॅटरी सांभाळणे हे कायमचे काम. ते कोणी करायचे, हे कुंपणाआधी ठरले पाहिजे. घरातल्या विजेची तार मात्र कुंपणाला कधीही जोडू नये. तो गुन्हा तर आहेच. शिवाय तिने माणसेही मारली आहेत.

रानालगतच्या पट्ट्यात उसाऐवजी हळद, आले, गवती चहा अशी गव्याला कमी रुचणारी पिके घेता येतात. पण त्यांना बाजार आणि भाव मिळाला, तरच. नुसता सल्ला देऊन शेतकऱ्याचे पोट भरत नाही.

उरलेले निम्मे उत्तर रानात आहे. घाणेरी आणि रानमोडी माजली, की त्याखाली गवत उगवत नाही. ती काढून कुरणे राखली, उन्हाळ्यात पाणवठे भरलेले ठेवले, तर कळपाला खाली उतरायचे कारण कमी होते. गावच्या गुरांना लाळ-खुरकुताची लसही वेळेवर टोचली पाहिजे. कारण एकाच कुरणात चरताना रोग गुरांकडून गव्यांकडे जातो. १९६८ मध्ये दक्षिणेकडे मुदुमलाई-बंदीपूरच्या रानात गुरांच्या बुळकांडी रोगाने गव्यांचे कळपच्या कळप संपवले होते.

भीती दोन्हीकडची

डिसेंबर २०२० मध्ये पुण्याच्या कोथरूडमध्ये एक गवा शिरला. गर्दी, आरडाओरडा, पाठलाग. पकडल्यानंतर तो दगावला. पुढच्याच डिसेंबरात कोल्हापूर शहराच्या आसपास गवे फिरले आणि त्यात एका तरुणाचा जीव गेला. दोन्ही घटनांचा धडा एकच. गवा दिसला, तर त्याला वाट मोकळी ठेवावी, गर्दी करू नये, फोटोसाठी जवळ जाऊ नये आणि वनखात्याला कळवावे.

पिकाच्या नुकसानीला सरकारी भरपाई आहे. अर्ज, पंचनामा, मोजणी या वाटेने ती येते. पण पंचनाम्यात मोडलेला ऊस मोजला जातो, मोडलेली झोप नाही. पावसाळ्यात माळ्यावर काढलेल्या रात्री, अंधारात गव्याशी गाठ पडेल या धास्तीने घरी जागणारी माणसे, राखणीला माणूस नाही म्हणून पड टाकलेले शेत, यांचा रकाना कोणत्याच कागदावर नाही.

आणि इथेच ही गोष्ट राधानगरीपुरती राहत नाही. भोगावती आणि दुधगंगा, दोन्ही नद्यांचे पाणी याच रानात मुरते. २०२३ पासून काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट नळाने कोल्हापूर शहरात येते आहे. शहरातला माणूस सकाळी नळ सोडतो, सुटीत गवे पाहायला दाजीपूरला जातो, चहात साखर घालतो. तिन्ही गोष्टी त्या एका डोंगराच्या देणग्या आहेत. रान राखण्याचा लाभ लाखांना आणि त्याची किंमत मात्र रानाकाठच्या काही हजार घरांना, हा हिशेब फार दिवस चालायचा नाही. ज्या दिवशी तो शेतकरी थकेल, त्या दिवशी गव्याचा कैवार घ्यायला गावात कोणी उरणार नाही. आणि गावाचा कैवार नसेल, तर कायद्याच्या जोरावर एकही रान वाचलेले नाही. गावाचे सलग कुंपण, वेळेवर भरपाई, पर्यायी पिकाला भाव, यांवरचा खर्च म्हणजे शेतकऱ्यावर उपकार नव्हेत. आपण पितो त्या पाण्याचे ते मोल आहे. रान सगळ्यांचे असेल, तर राखणही सगळ्यांची असायला हवी.