एकाच मालाचे बिल का अडते?

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील सुटे भाग बनविणाऱ्या एखाद्या कारखान्याचे उदाहरण घेऊ. त्याची वार्षिक उलाढाल ५ कोटी रुपयांहून अधिक असेल, तर नोंदणीकृत खरेदीदारास माल देताना त्याला ई-इन्व्हॉइस काढावे लागते. ही सक्ती १ ऑक्टोबर २०२० रोजी ५०० कोटींवरील उद्योगांपासून सुरू झाली आणि १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या मर्यादेपर्यंत आली. पोर्टलवर बिल 'जेसन' स्वरूपात द्यावे लागते. हिशेबाच्या अनेक जुन्या प्रणाली मात्र माहिती 'एक्सएमएल' स्वरूपात देतात. साहजिकच रूपांतर करणे आले.

त्यासाठी तयार लायब्ररी उपलब्ध आहेत. जेम्स न्यूटन-किंग यांची 'जेसन डॉट नेट' ही त्यांपैकी एक. तिचा वापर सोपा असला, तरी एक अडचण हमखास येते. एक्सएमएलमध्ये यादीसाठी वेगळे चिन्ह नाही. तीच खूण पुन्हा आली की यादी झाली. जेसनमध्ये मात्र यादी चौकटी कंसात स्वतंत्रपणे दाखवितात. बिलात तीन वस्तू असतील, तर लायब्ररी त्यांची यादी करते. वस्तू एकच असेल, तर ती यादी न करता सुटी नोंद ठेवते. ई-इन्व्हॉइसच्या आराखड्यात वस्तूंची यादीच अपेक्षित असल्याने तीन वस्तूंचे बिल स्वीकारले जाते आणि एका वस्तूचे नाकारले जाते.

यावर उपाय आहे. जेसन डॉट नेटमध्ये त्या घटकाला 'अ‍ॅरे' हा गुणधर्म जोडावा. पायथॉनच्या 'एक्सएमएल-टू-डिक्ट'मध्ये 'फोर्स-लिस्ट' हा पर्याय वापरावा. मग वस्तू एक असो वा दहा, यादीच तयार होते.

दुसरी अडचण आकड्यांची. एक्सएमएलमधील मजकूर या दोन्ही लायब्ररी अवतरणचिन्हांतच ठेवतात; आराखड्याला मात्र रक्कम व पिनकोड संख्या म्हणून, तर एचएसएन कोड व दूरध्वनी मजकूर म्हणून हवे असतात. दिसेल तो आकडा सरसकट संख्येत बदलल्यास शहराच्या ०२४० या दूरध्वनी कोडातील आरंभीचे शून्य गळून पडते. म्हणून प्रत्येक रकान्याचा प्रकार आराखड्यावरूनच ठरवावा.

हा तपशील क्षुल्लक वाटेल. परंतु सक्ती लागू असताना नोंदणी क्रमांकाविना दिलेले बिल कायद्याने बिल ठरत नाही आणि खरेदीदाराची कर-वजावट अडकू शकते. तेव्हा प्रणाली वापरात आणण्यापूर्वी केवळ एक वस्तू असलेले बिल अवश्य तपासून पाहावे.