घर सोडवून नेता येते?

संग्रहालय म्हटले की आपल्याला काचेची कपाटे आठवतात. कपाटात नांगराचा फाळ मावेल, अख्खे घर कसे मावणार? स्वीडनमधील आर्टुर हाझेलियस यांनी १८७३ मध्ये लोकजीवनातील वस्तूंचे संग्रहालय काढले होते. पण कारखानदारीच्या लाटेत खेड्यांतील घरेच नाहीशी होऊ लागली. तेव्हा त्यांनी घरेच उचलून आणली. १८९१ मध्ये स्टॉकहोम येथे 'स्कान्सेन' हे उघड्यावरचे संग्रहालय सुरू झाले. तेथे देशभरातून आणलेल्या सुमारे दीडशे वास्तू आहेत.

हे जमले ते बांधणीमुळे. त्या भागात पाइनचे ओंडके आडवे, एकावर एक रचतात. कोपऱ्यात खाचा पाडून ते एकमेकांत अडकवले की भिंतीला खिळे लागत नाहीत. फटींत वाळलेले शेवाळ भरायचे. ओंडक्यांवर क्रमांक घालून घर उतरवले की दुसरीकडे तसेच रचता येते.

एक गंमत पाहा. लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे आडव्या ओंडक्यांची भिंत हळूहळू खाली बसते, दाराच्या चौकटीचे उभे लाकूड मात्र तेवढेच राहते. म्हणून चौकटीवर मोकळी जागा ठेवून ती फळीने झाकतात. न ठेवली तर भिंतीचा भार चौकटीवर येऊन दार अडकेल. ओल्या फांदीचा तुकडा आज मोजून ठेवा व दोन महिन्यांनी पुन्हा मोजा. वर्गात हे सहज दाखवता येईल.

आता आपल्याकडची कुडाची भिंत घ्या. कारवीच्या काठ्यांवर शेणमाती लिंपलेली. ती उतरवायला गेलो तर हाती ढेकळेच येतील! भोपाळच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाने म्हणून वेगळी वाट धरली. तेथील आदिवासी घरे त्या त्या जमातींतील लोकांनीच येऊन बांधली आहेत. आमच्या मते हे काम स्कान्सेनपेक्षा अवघड आहे. लाकूड कोरडे राहिले तर शतके टिकते. मातीची भिंत दर पावसाळ्यानंतर लिंपावी लागते, आणि लिंपणारा हात नसेल तर काही वर्षांतच ती ढासळते. म्हणजे येथे जपायचे ते घर नव्हे, त्या हातातले कसब.

तुमच्या गावात कूड घालणारे कोणी असतील, तर मुलांना त्यांच्याकडे न्या. कारवी केव्हा तोडायची, मातीत शेण किती, भुसा किती, हे विचारून वहीत उतरवून घ्या.