गुलाबाचा रंग आणि गिऱ्हाइकाचा प्रसंग

नारायणगावचा टोमॅटो आणि मंचरचा कांदा-बटाटा सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील फुलांच्या धंद्याची चर्चा कमी होते. तरीही लग्नसराईचे सेहरे, दर्ग्याच्या चादरी, ओझर-लेण्याद्रीच्या गणपतींचे हार आणि अलीकडचे वाढदिवसाचे गुच्छ यांवर अनेक घरांची चूल पेटते. फूल हा नाशवंत माल. नको तो रंग भरला, तर दोन-तीन दिवसांत भांडवल उकिरड्यावर जाते. म्हणून गुलाबाच्या रंगांची माहिती आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंना असावी, असे आम्हांस वाटते.

भेटकार्डांनी रूढ केलेले अर्थ साधारण असे आहेत: लाल प्रेमाचा, गुलाबी कौतुकाचा व आभाराचा, पिवळा मैत्रीचा, पांढरा निर्मळपणाचा, केशरी उत्साहाचा. कॉलेजातील मुले हाच हिशेब घेऊन दुकानात येतात.

या रिवाजाचा एक धागा तुर्कस्तानात सापडतो. इंग्रज राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली माँटेग्यू १७१७-१८ मध्ये इस्तंबूलला होती. फुले, फळे, धागे पाठवून निरोप देण्याची तेथील रीत तिने पत्रांत वर्णिली. ती पत्रे १७६३ साली छापली गेली. तुर्की रीतीत वस्तूच्या नावाशी यमक जुळणाऱ्या ओळीवरून निरोप कळत असे. युरोपने यमक सोडले आणि फुलाफुलाला अर्थ चिकटवला. पॅरिसमध्ये १८१९ साली शार्लोट द लातूर या टोपणनावाने त्यावर पुस्तकही निघाले. त्या शतकातील इंग्रजी पुस्तकांत पिवळा गुलाब मत्सराचा होता. आज तोच मैत्रीचा झाला. बाजारभावाप्रमाणे अर्थही बदलतात.

आपल्या मुलखात तर हिशेबच निराळा. येथे पिवळा रंग म्हणजे हळद आणि खंडोबाचा भंडारा. मत्सर कोणाच्या मनातही येत नाही. पांढरा मोगरा निकाहच्या सेहऱ्यात शोभतो. पण अनेक हिंदू कुटुंबांत पांढरा रंग शोकाशी जोडलेला असल्याने वाढदिवसाला नुसता पांढरा गुच्छ खटकू शकतो. त्यात गुलाबी फुले मिसळली की प्रश्न मिटतो. चादरीसाठी आणि सेहऱ्यासाठी रंगाइतकाच सुवास पाहिला जातो. तेथे गावठी गुलाबच हवा. पॉलिहाऊसमधील डच गुलाबाची काडी लांब आणि फूल टिकाऊ, पण वास बेताचाच. सेहरेवाल्याच्या गळ्यात तो मारू नये.

तारखांकडेही लक्ष हवे. १४ फेब्रुवारीच्या तोंडावर लाल डच गुलाबाची २० काड्यांची गड्डी महागते. दुसऱ्या दिवशी उरलेल्या मालाला गिऱ्हाईक शोधावे लागते. पाचच दिवसांनी, १९ फेब्रुवारीला शिवनेरीवर शिवजयंती असते, तेव्हा मागणी झेंडूच्या हारांची. लाल गुलाबात सारे पैसे अडकवणाऱ्याचे हात त्या दिवशी रिकामे राहतात.

निळ्या गुलाबाबद्दल एक खुलासा. गुलाबाला निसर्गतः निळा रंग नाही. पांढऱ्या फुलाची काडी रंगाच्या पाण्यात ठेवून तो आणतात. असा माल विकण्यास हरकत नाही. मात्र रंगवलेला आहे, हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे. लपवलेली गोष्ट उघडी पडली की गिऱ्हाईक पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही.

म्हणून गुच्छ बांधण्यापूर्वी दोन प्रश्न जरूर विचारावेत: फूल कोणासाठी, आणि कशानिमित्त? निवृत्त होणाऱ्या गुरुजींना लाल गुलाबांचा गुच्छ गेला तर हसे देणाऱ्याचे होते आणि बोल दुकानदाराला लागतो. तेथे पिवळा किंवा गुलाबी सुचवावा. दोन शब्द जास्त बोलल्याने गिऱ्हाइकाची अब्रू राहते, आणि पुढच्या लग्नाचे काम आपल्याकडेच येते.