लक्ष्मी रोड : चैन आणि कर्तव्य

मंडळी, कापूरहोळच्या फाट्यावरून आपण लग्नाचा बस्ता बांधायला कुठं जातो? पुण्याला, लक्ष्मी रोडला. उंची साड्यांचा आणि सोन्याचा हा रस्ता. 1832 साली सांगलीत निघालेली गाडगिळांची पेढीही पुढं इथं आली. अनंत चतुर्दशीला मानाचे पाच गणपतीही याच रस्त्यानं अलका चौकाकडं जातात. म्हणजे बाजाराची आणि देवाची वाट एकच!

थॉर्स्टाइन व्हेब्लेन या अर्थतज्ज्ञानं 1899 मध्ये मांडलं, की श्रीमंताचा पुष्कळसा खर्च लोकांना दिसावा म्हणून असतो. बस्त्याची गोष्ट जरा वेगळी. तिथं माणूस स्वतःसाठी फारसं घेतच नाही. मुलीचे दागिने, विहीणबाईंची साडी, मानपानाचे आहेर... इथं चैन कर्तव्याचा वेश घेऊन येते. चैनीला ‘नको’ म्हणता येतं, कर्तव्याला कसं म्हणणार? म्हणून ऐपत नसलेला बापही कर्ज काढतो.

सोनं घेऊच नका, असं मी म्हणत नाही. मुलीचं स्त्रीधन अडीनडीला तिच्याच कामी येतं. पण यादी करताना प्रत्येक ओळीपुढं विचारा, हे कुणाच्या उपयोगाचं? उत्तर ‘लोक काय म्हणतील’ एवढंच आलं, तर ती ओळ खोडा.