बेहटची एक दिवसाची सहल

"बेहट पाहिले का?" असे आपल्या लष्करातील कोणत्याही जुन्या मराठी घरात विचारून पाहावे. "जायचे आहे एकदा," असेच उत्तर बहुधा मिळते. माझे वडीलही जन्मभर हेच म्हणत आले. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले, तेव्हा दरबारच्या गाणाऱ्या-वाजविणाऱ्यांत ते वयाने सर्वांत लहान होते. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. तानसेनाच्या समाधीवर हजेरी लावायला ते कधी चुकले नाहीत. तेथील चिंचेची पाने गळ्याला चांगली म्हणून मला बळेच चघळायला लावीत. पण ज्या गावी तानसेन जन्मला असे मानतात, ते जेमतेम ४५ किलोमीटरवरचे गाव काही त्यांच्या पाहण्यात आले नाही. थंडी सरली की म्हणायचे, आता पुढच्या वर्षी.

मला याचे नवल वाटते ते एवढ्यासाठी की, आपल्या माणसांना गाण्यापायी चालण्याचे कष्ट कधी जड वाटले नव्हते. हद्दूखाँ-हस्सूखाँची गायकी वासुदेवबुवा जोश्यांनी घेतली, त्यांच्याकडून ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी उचलून महाराष्ट्रात नेली, आणि पुढे विष्णु दिगंबरांनी ती सर्वतोमुखी केली. आगगाड्यांची सोय नसतानाचे ते दिवस! आणि आपण, मोटार दारात उभी असताना, तासा-दीड तासाच्या वाटेचा कंटाळा करतो.

वडिलांच्या मागे मी निश्चय केला आणि क्लासमधील मुलांना घेऊन निघालो. पण पहिल्या खेपेस बेत साफ फसला, आणि दोष सर्वस्वी माझा. एवढे निघालोच आहोत तर सगळेच उरकू, असा हावरेपणा केला. सकाळी मुरैना जिल्ह्यातील मितावलीचे चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार देऊळ, मग पडावली, मग बटेश्वरचा देवळांचा समूह, आणि शेवटी बेहट! मितावलीची टेकडी चढताना मुले रमली, बटेश्वरहून त्यांचा पाय निघेना. बेहटला पोचलो तो दिवस मावळलेला. देवळापाशी 'मियाँकी तोडी' म्हणायची म्हणून पोरांनी महिनाभर तयारी केली होती. तोडी दिवसाच्या दुसऱ्या प्रहराची. दिवेलागणीला ती कोण म्हणणार? मोबाइलवर दोन छायाचित्रे काढली आणि परतलो. येताना गाडीत कोणी बोलत नव्हते.

दुसऱ्या खेपेस मी बेत उलट्या बाजूने मांडला. तोडीची वेळ आधी धरली. दहाला देवळापाशी बसायचे, म्हणून सातला घर सोडायचे. आपल्याकडे पौषात सकाळचे धुके एवढे दाट असते की, पुढची बैलगाडी हातभर अंतरावर आल्याशिवाय दिसत नाही. म्हणून वाटेसाठी एक तास जास्तीचा ठेवला. मुरार मागे टाकल्यावर धुके विरळ होऊ लागते आणि दोन्ही बाजूंना मोहरीची पिवळी शेते उलगडत जातात. बरोबर दशम्या, तिळाची चटणी, पेरू आणि पिण्याचे पाणी घेतले. वडिलांचा तंबोरा गोधडीत गुंडाळून दोन मुलांच्या मांडीवर आडवा ठेवला. दुसरे कोणतेही ठिकाण यादीत ठेवले नाही.

झिलमिल नदीच्या काठी ते शिवालय आहे. ते खरोखरच एका अंगाला झुकलेले आहे. आख्यायिका अशी की, मुका असलेला छोटा तन्ना रोज शेळीचे दूध शंकराला वाही. एकदा पावसात विसरला, आठवण होताच धावत आला, आणि प्रसन्न झालेल्या देवाने त्याला कंठ दिला. त्याच्या पहिल्याच आलापीने देऊळ कलले! "सर, हे खरे का?" असे एका मुलीने विचारले. मी म्हटले, "पाया खचला असेल. पण ही गोष्ट रचणाऱ्यांना स्वराचे वजन ठाऊक होते, हे मात्र खरे."

तंबोरा थंडीने उतरला होता. उन्हात ठेवून पुन्हा मिळविला. त्यात पाऊण तास गेला, पण या खेपेस तो आमच्यापाशी होता. मुले तोडी गाऊ लागली. गावातील एक वृद्ध काठी टेकीत आले आणि पायरीवर बसले. बरेच गाऊन झाल्यावर त्यांनी वर उन्हाकडे पाहिले आणि एवढेच म्हणाले, "अब तो सारंग का समय हुआ।" त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही सारंग घेतला.

तानसेनाचा उत्सव १९२४ सालापासून आपल्या शहरात होत आला आहे, आणि आता समारोहाची एक बैठक बेहटलाही भरते. त्या दिवशी गर्दी असते, मानही मोठा. पण माझा आग्रह असा की, बैठक नसलेल्या एखाद्या साध्या दिवशी जावे. एकच ठिकाण धरावे, वेळ हाताशी राखून निघावे, आणि घरात कोणी वडीलधारे "जायचे आहे एकदा" असे म्हणत असतील, तर गाडीतील पहिली जागा त्यांना द्यावी. मला ते जमले नाही. तंबोऱ्याच्या गवसणीवर झिलमिलकाठची माती लागली आहे; ती मी अजून झटकलेली नाही.