कागदावरचा लांब शब्द

सिकलसेल हा रक्ताचा आजार आईवडिलांकडून मुलांत येतो. डहाणू-तलासरीच्या आदिवासी पाड्यांत तो आढळतो, तसाच विदर्भातल्या आपल्या बौद्ध समाजातही. तपासणीच्या कागदावर 'इलेक्ट्रोफोरेसिस' असा शब्द दिसला की आपण घाबरून कागद ट्रंकेत टाकतो. आम्ही म्हणतो, तसे करू नका.

शब्दाचे ६ तुकडे करा : इ-लेक्-ट्रो-फो-री-सिस. आपण लिहितो 'रे', पण इंग्रजीत म्हणतात 'री', आणि जोरही तिथेच. 'इलेक्ट्रो' म्हणजे विजेचे, 'फोरेसिस' म्हणजे वाहून नेणे. विजेच्या प्रवाहात हिमोग्लोबिनचे प्रकार कमी-अधिक वेगाने सरकतात आणि वेगळे ओळखू येतात. १९४९ साली लायनस पॉलिंग व सहकाऱ्यांनी याच रीतीने सिकलसेलचे हिमोग्लोबिन निराळे असल्याचे दाखवले.

पहिली, सोल्युबिलिटी चाचणी दोष आहे एवढेच सांगते. माणूस वाहक (एएस) की रुग्ण (एसएस), हे या दुसऱ्या चाचणीने कळते. वाहक म्हणजे आजारी नव्हे. पण नवरा-बायको दोघेही वाहक असले, तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता ४ पैकी १ असते.

म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिका नको, दोघांचे हे कागद पाहा. शब्द अडला तर दवाखान्यातल्या सिस्टरला विचारा. बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला सांगितले, ते काही परीक्षेपुरते नव्हे.

जयभीम!