रात्री बंद करायचा की चालूच ठेवायचा?

सतत चालू-बंद केल्याने कॉम्प्युटर लवकर जातो, ही जुन्या हार्ड डिस्कच्या काळातली समजूत. त्या डिस्कसुद्धा साधारण 50,000 वेळा चालू-बंद होण्याच्या हिशेबाने बनवलेल्या असत. रोज दोनदा म्हटलं तरी 68 वर्षं!

खरा प्रश्न विजेचा. रिकामा चालू असलेला डेस्कटॉप मॉनिटरसकट 60 वॅट खातो असं धरा. संध्याकाळी सात ते सकाळी नऊ, 14 तास; महिन्याला 25 युनिट फुकट. स्क्रीनसेव्हर लावून काही वाचत नाही. ‘स्लीप’मध्ये हा खर्च जेमतेम दोन-चार वॅटवर येतो, पण उघडं काम रॅममध्येच असतं. लाइट गेली की तेही गेलं. लोडशेडिंग पाचवीला पुजलेलं असेल तर ‘हायबरनेट’ बरं. ते सगळं डिस्कवर उतरवून मगच मशीन बंद करतं. लॅपटॉपवाल्यांना बॅटरीचा आधार असतोच.

आणखी एक गंमत. विंडोज 8 (2012) पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ सुरू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर तसाच जपला जातो आणि सकाळी तोच पुन्हा उचलला जातो. त्यामुळे मशीन अडखळायला लागलं, तर ‘शट डाउन’ नव्हे, ‘रीस्टार्ट’ करा.